भोपळा : एका रित्या फळाचा इतिहास



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मोठमोठे विषय येतात. राजे येतात, लढाया येतात, राज्यघटना येते. अशा ठिकाणी भोपळ्यावर बोलावयास उभे राहणे म्हणजे आधीच गुणांच्या रकान्यात भोपळा पडण्याची तयारी ठेवणे होय. मराठी माणसाने या फळाला शून्याची पदवी दिली. विळ्याशी त्याचे वैर जोडले. माणसाचा भ्रम फुटला, तर तोही भोपळ्यासारखाच फुटतो. ज्या वस्तूची भाषेने इतकी थट्टा केली, ती वस्तू एके काळी घराघरांत नित्याची असली पाहिजे, एवढे अनुमान तरी काढता येईल. आजचे व्याख्यान हे त्या अनुमानाचा पाठपुरावा आहे.

विषय सुचला तो गंगापूर रोडवर. अशोक स्तंभापासून निघून, गोदावरीच्या उजव्या तीराने आनंदवल्ली आणि सोमेश्वर करीत गंगापूर गावाकडे व पुढे 1965 साली पुऱ्या झालेल्या धरणाकडे जाणारा हा रस्ता आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पूर्वी या बाजूला मळे होते. आता इमारती आहेत, आणि मधून मधून एखादा जुना बंगला आपले कुंपण सांभाळून उभा आहे. अशाच एका कुंपणावर गेल्या हिवाळ्यात दुध्या भोपळ्याचा वेल सुकून गेला होता आणि पानांआड विसरलेला एक भोपळा तेवढा लोंबत राहिला होता. घरच्या आजी अंगणात होत्या. मी त्याच्याकडे पाहतो आहे असे दिसताच त्या म्हणाल्या, “अहो, तो निबर झाला. वाया गेला. तोडून टाका म्हणते मुलांना, पण कोणाला सवड आहे?”

मी म्हटले, “आजी, तोडू नका. देठ पुरता वाळू द्या.”

“वाळवून काय करायचे त्याचे?” त्यांनी विचारले.

प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर मात्र लांब आहे. ते उत्तर म्हणजेच आजचे व्याख्यान समजावे.

आरंभी एक घोटाळा दूर केला पाहिजे. भोपळा या एका नावाखाली आपण दोन निराळी फळे एकत्र करतो. तांबडा भोपळा, म्हणजे डांगर, हा मूळचा अमेरिकेचा. कोलंबसाची जहाजे 1492 मध्ये त्या खंडाला लागली, त्यानंतरच तो आपल्याकडे येऊ शकला. मिरची, बटाटा आणि भुईमूग यांच्या जोडीला बसणारा हा पाहुणा आहे. दुसरा भोपळा म्हणजे आपला दुध्या. त्याचेच भाऊबंद म्हणजे कडू भोपळा, तुंबा, तुंबडी. संस्कृतात त्याला अलाबु म्हणतात. याचे फूल पांढरे असते आणि ते संध्याकाळी उमलते. डांगराचे फूल पिवळे असून सकाळी उमलते. वाळल्यावर लाकडासारखी कठीण आणि पाणी न झिरपणारी कवटी होते ती या दुसऱ्या भोपळ्याची. आपला विषय तो आहे.

हे फळ मूळचे आफ्रिकेचे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तेथून ते फार प्राचीन काळी आशियात पसरले. परंतु खरे आश्चर्य असे की अमेरिका खंडातही सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या अवशेषांत याच भोपळ्याच्या कवट्या सापडतात. त्या काळी अटलांटिक ओलांडणारे जहाज कोठे होते? 1954 मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकांनी भोपळे समुद्राच्या पाण्यात तरंगत ठेवले आणि सात महिन्यांहून अधिक काळानंतरही आतले बी उगवते असे दाखवून दिले. पुढे 2014 मध्ये जुन्या कवट्यांतील आनुवंशिक द्रव्य तपासण्यात आले, तेव्हा अमेरिकेतील प्राचीन भोपळ्यांचे नाते आफ्रिकेतील भोपळ्यांशी जुळले. म्हणजे फळ आपल्या पायांनी, किंबहुना आपल्या पोकळीच्या बळावर, समुद्र ओलांडून गेले असावे. भोपळ्यात बसून जंगल पार करणारी म्हातारी आपण लहानपणी ऐकली. येथे भोपळा हीच नाव आणि बी हाच प्रवासी.

पेरू देशाच्या किनाऱ्यावरील वाका प्रिएता या ठिकाणी 1946-47 मध्ये उत्खनन झाले. तेथे चार हजार वर्षांहून जुने दोन लहान भोपळे मिळाले आणि त्यांवर माणसांचे चेहरे कोरलेले होते. तेव्हा भोपळा वाळवून त्यावर हात चालविणे हा काही आजच्या बागकामाच्या हौसेने काढलेला छंद नव्हे. अन्न शिजविण्याचे मडके हाती येण्यापूर्वी माणसाने जी भांडी वापरली, त्यांत भोपळ्याची गणना करावी लागते. कुंभाराला चाक लागते, माती लागते, भट्टी लागते. भोपळ्याचे भांडे वेलावर आपोआप तयार होते. माणसाने फक्त वाट पाहावयाची असते.

आपल्या देशातील जुन्या वाङ्मयात या रित्या भांड्याला जे स्थान आहे ते पाहिले की आपण त्याची केलेली थट्टा थोडी ओशाळवाणी वाटते. रामायणाच्या बालकांडात सगर राजाची कथा आहे. त्याची राणी सुमती हिच्या पोटी तुंब्यासारखा गर्भ जन्मला, तो फुटून साठ हजार पुत्र निघाले आणि दायांनी त्यांना तुपाच्या घड्यांत वाढविले, असे तेथे सांगितले आहे. एका भोपळ्यात किती बिया असतात हे ज्याने पाहिले आहे त्याला ही कल्पना कोठून सुचली हे सांगावे लागत नाही. याच सगरपुत्रांच्या उद्धारासाठी भगीरथाने गंगा आणली. गोदावरीला आपण गंगा म्हणतो आणि तिच्या काठी राहतो. तेव्हा आपल्या नदीच्या पुराणाची पहिली गाठ भोपळ्याशी पडते असे म्हणावयास हरकत नाही.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात संन्याशाने कोणते पात्र बाळगावे ते सांगितले आहे. भोपळ्याचे, लाकडाचे, मातीचे आणि बांबूचे अशी चार पात्रे तेथे येतात. धातूचे भांडे त्याला वर्ज्य. कारण उघड आहे. ज्याला किंमत आहे ते चोरीला जाते, आणि ज्याची चोरी होऊ शकते त्याची काळजी लागते. भोपळ्याची काळजी कोणाला? जैनांच्या ज्ञाताधर्मकथा या आगमग्रंथातील एक अध्ययनच तुंब्यावर आहे. वाळलेल्या तुंब्याला गवत गुंडाळून मातीचे आठ लेप दिले तर तो पाण्यात बुडतो. लेप एकेक करून विरघळत गेले की वर येतो. जीवाचे आणि कर्माचेही तसेच, असा त्या दृष्टांताचा भावार्थ. गजपंथाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या शहराला हा दृष्टांत ठाऊक असावयास हवा.

वैद्यकातही तो आहे. दूषित रक्त काढण्यासाठी सुश्रुताने तीन साधने सांगितली आहेत : शिंग, जळू आणि अलाबु. भोपळ्याच्या पोकळीत दिवा पेटवून तो अंगावर पालथा घातला म्हणजे आतील हवा तापते, मग निवते, आणि त्वचा आत ओढली जाते. यालाच आपण तुंबडी लावणे म्हणतो. दुसरी तुंबडी भिक्षेकऱ्याची. आपली तुंबडी भरणे हा वाक्प्रचार तिच्यावरून आला. एकाच शब्दात वैद्य, वैरागी आणि लोभी माणूस असे तिघे सुखाने नांदतात.

आता नाशिककडे वळू. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. 2003 मध्ये आला, 2015 मध्ये आला. त्या वेळी साधुग्रामात फेरी मारणाऱ्याने जुन्या परंपरेच्या साधूंच्या हातातील कमंडलू निरखून पाहावेत. पितळेचे आणि स्टीलचे कमंडलू आता पुष्कळ दिसतात, पण काळसर, हातांनी झिजून गुळगुळीत झालेला तुंब्याचा कमंडलूही मधूनच दृष्टीस पडतो. नदीचे आणि भोपळ्याचे नाते याहून घरगुतीही होते. महाराष्ट्रातील नदीकाठच्या गावांतून मुलांना पोहावयास शिकविताना पाठीला वाळलेला भोपळा बांधीत असत. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळांच्या पाठीवर त्या दोरीची आठवण असेल. भोपळे किंवा घागरी एकत्र बांधून नदी उतरण्यासाठी जो तराफा करीत त्याला सांगड म्हणत. आज आपण विचारांची सांगड घालतो, नव्याजुन्याची सांगड घालतो. त्या शब्दाला अजून नदीचे पाणी लागलेले आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ आणि सुरगाणा तालुक्यांच्या डोंगरांत, आणि त्यापलीकडे जव्हार-डहाणूकडे, भोपळ्याला कंठ फुटतो. तेथील आदिवासी बांधवांचा तारपा सर्वांनी निदान चित्रांत तरी पाहिला आहे. वारली चित्रात नर्तकांची एक लांब साखळी वळसे घेत जाते आणि तिच्या मध्यभागी एक माणूस लांब वाद्य फुंकीत उभा असतो. हे चित्र जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे 2018 मध्ये निवर्तले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्या वाद्याचे पोट म्हणजे वाळलेला भोपळा. त्यात वाजविणारा तोंडाने हवा भरतो. खाली बांबूच्या दोन नळ्या आणि त्यांत जिभाळ्या. पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. सांधे मेणाने बुजवितात. भात पिकून कापणीस येते त्या दिवसांत तारपा घुमू लागतो. या वाद्यासाठी एकही वस्तू बाजारातून आणावी लागत नाही. सारे रान आणि परसू देते.

परंतु महाराष्ट्रात भोपळ्याने जो सर्वांत मोठा पराक्रम केला, तो दक्षिणेकडे, मिरजेस. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

पेशवाई 1818 मध्ये बुडाली. त्यानंतर तलवारी, भाले, बर्च्या यांची मागणी हळूहळू ओसरत गेली. मिरजेत शिकलगार मंडळी होती. शस्त्रे घडविणे आणि त्यांना पाणी देणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. हात कुशल, पण हातांना काम नाही, अशी वेळ आली. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक संगीताचे भोक्ते होते. त्यांच्या पदरी गवई-बजवय्ये येत आणि त्यांची वाद्ये बिघडली की दुरुस्तीसाठी दूर उत्तरेकडे धाडावी लागत. 1850 च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी ही दुरुस्ती हाती घेतली आणि त्यातून पुढे ते स्वतःच सतारी व तंबोरे घडवू लागले. त्यांचे घराणे सतारमेकर या नावाने प्रसिद्ध झाले आणि त्यांची गल्ली सतारमेकर गल्ली झाली. तलवारीचा घाट घडविणारा हात तंबोऱ्याच्या दांडीकडे वळला. राज्य गेल्यावर कारागिराचे काय होते, या प्रश्नाची दुःखी उत्तरे इतिहासात पुष्कळ आहेत. हे एक सुखी उत्तर आहे.

मात्र कारागीर कितीही कुशल असला तरी तंबोऱ्याचा भोपळा तो घडवू शकत नाही. तो शेतातच यावा लागतो. घेर तीन ते साडेचार फूट, कवटी जाड, बूड सारखे, अंगावर डाग नाही, चीर नाही असा भोपळा सहज मिळत नाही. मिरजेला तो मिळाला पंढरपूरच्या परिसरातून, भीमेच्या काठच्या शेतांतून. तेथील शेतकऱ्यांनी मोठ्या कडू भोपळ्याचे बी पिढ्यान्‌पिढ्या जतन केले. मिरजेचे कारागीर तेथे जाऊन भोपळे पारखून घेत आले. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याला मोठा, बायकी आवाजाच्या तंबोऱ्याला त्याहून लहान, सतारीला चपट्या घाटाचा, अशी निवड होते.

मिरजेस आल्यावर भोपळा पाण्यात भिजवितात, वरचा भाग कापतात, आतील गर आणि साल खरवडून काढतात. ओल्या कवटीला आतून काड्यांचे टेकू देऊन हवा तो आकार आणतात आणि पुन्हा वाळवितात. मग तुणीच्या लाकडाची दांडी, वर तबली, घोडी, खुंट्या, नक्षी, लाखेचे रोगण. शेवटी जवारी. घोडीचा पृष्ठभाग कानसून असा करावयाचा की तार त्यावर अगदी निसटती टेकावी, आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून स्वर मोकळा करावयाचा. हे काम कानाचे आहे. ते शिकण्यास वर्षे लागतात.

या मिरजेने नाशिकला काय दिले ते आता पाहा. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म 1872 मध्ये कुरुंदवाडचा. लहानपणी दारूकामाने डोळ्यांना इजा झाली, उपचारासाठी त्यांना मिरजेस आणले आणि तेथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे गाणे सुरू झाले. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. 5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. उत्तरायुष्यात ते नाशिकला आले. पंचवटीत त्यांनी रामनाम आधाराश्रम उभारला. त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु यांचा जन्म 1921 मध्ये याच शहरातला. 1931 मध्ये पंडितजींनी देह ठेवला तो मिरजेस. ज्यांनी गाणे दरबारातून काढून चारचौघांच्या दारी आणले, त्यांच्या आयुष्याची दोन टोके मिरज आणि नाशिक अशी आहेत. गाणे घरोघर गेले याचा अर्थ तंबोरा घरोघर गेला. आणि तंबोरा घरोघर गेला याचा अर्थ भीमेकाठी तितके भोपळे वाळले. इतिहासाच्या पुस्तकात पहिले वाक्य येते. दुसरे क्वचित येते. तिसरे कोणी लिहीत नाही.

दर वर्षी ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते आणि नाशिकवरून पंढरपूरची वाट धरते. दिंडीत वीणेकरी असतो. त्याच्या गळ्यातील वीणा खाली ठेवावयाची नसते. तो थकला की दुसऱ्याच्या गळ्यात ती जाते. वाकून तिला नमस्कार करणाऱ्यांना तारेचा स्वर ऐकू येतो. त्या स्वराला घुमारा देणारे पोट ज्या मातीत पिकते, तिच्याच दिशेने ती चालत असते.

येथपर्यंत मी गौरव सांगितला. आता काळजीची गोष्ट सांगतो, कारण तिच्यासाठीच हा विषय निवडला.

पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीवर आता रबर आणि प्लास्टिक आले. पाण्याच्या तुंब्याची जागा बाटलीने घेतली. याबद्दल हळहळ करण्यात अर्थ नाही. स्वस्त आणि टिकाऊ वस्तू आली की जुनी जाणार. 1980 च्या आसपास विजेवर चालणारा तंबोरा आला, आणि आता तो खिशातल्या फोनमध्येही शिरला आहे. विद्यार्थ्याची त्याने सोय झाली, हे मान्य केले पाहिजे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन कागदावर मिळते. भोपळा शेतात यावा लागतो.

शेतकऱ्याच्या बाजूने विचार करून पाहा. 1980 मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि सोलापूर जिल्ह्यात ऊस वाढला. उसाला कारखाना आहे, ठरलेला भाव आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्याला गिऱ्हाईक मोजके. वेल पावसाळ्यापासून जमीन अडवून बसतो. फळ वाढते, पिकते, वाळते, आणि तोवर शेतात दुसरे काही घेता येत नाही. एक गारपीट, एक पूर, एक चीर, की वर्षाची मेहनत गेली. असा शेतकरी उद्या म्हणाला की मी ऊसच लावतो, तर त्याला दोष कोण देणार? परंतु त्याने बी टाकणे थांबविले की ते बी संपेल. भाजीच्या बाजारात त्याला जागा नाही, कारण ते फळ कडू आहे. बाजाराला हवा असतो कोवळा, लांब, हिरवा दुध्या. तो तर निबर होण्याआधीच तोडला जातो. जे फळ नेहमी कोवळेच तोडावयाचे, त्याच्या कवटीचा गुण कोणी पारखीत नाही. गोल, चपट्या, मानेच्या, सुरईसारख्या अशा जुन्या जाती ज्या घरांनी हौसेने राखल्या, त्या घरांबरोबरच त्या जातील.

बी हे पुस्तकासारखे कपाटात ठेवून राहत नाही. त्याला मधूनमधून माती दाखवावी लागते. दगडातील लेणी दोन हजार वर्षे उभी राहिली, पण भोपळ्याचे बी दहा-पंधरा वर्षे कोणी लावले नाही तर त्याचा वंश बुडाला. म्हणून मला वाटते की गंगापूर रोडवरील अंगणे आणि गच्च्या या बाबतीत अगदीच निरुपयोगी नाहीत. तंबोऱ्याचा भोपळा आपल्या कुंपणावर होईल असे मी म्हणत नाही. परंतु भोपळा वाळवावयाचा असतो, ही ओळख तरी तेथे टिकेल.

रीत अवघड नाही. मृगाचा पाऊस पडला की एका आळ्यात शेणखत घालून दोन-तीन बिया लावाव्या. कवच कठीण असते म्हणून रात्रभर पाण्यात भिजवाव्या. वेलाला भक्कम मांडव द्यावा, कारण फळाचे वजन पुढे पेलावे लागते. नरफुले आणि मादीफुले निराळी असतात. मादीफुलाच्या मागे इवलासा भोपळा आधीच दिसतो. फुले संध्याकाळी उमलतात आणि रात्रीचे पतंग त्यांवर येतात. शहरात दिव्यांमुळे आणि औषधांच्या फवाऱ्यांमुळे पतंग कमी झाले असतील तर तिन्हीसांजेला नरफूल तोडून हलक्या हाताने मादीफुलावर फिरवावे. एका वेलावर तीन-चारच फळे राखावी, म्हणजे कवटी जाड येते. ज्याला घाट बदलावयाचा असेल त्याने फळ कोवळे असतानाच मऊ दोरी बांधावी. चीनमध्ये चिंग राजवटीत कोवळ्या भोपळ्याभोवती साचा बसवून त्यावर नक्षी उठवीत असत.

मग खरी परीक्षा सुरू होते, आणि ती संयमाची आहे. फळ तोडण्याची घाई करू नये. वेल वाळला, देठ तपकिरी झाला की मगच दोन-तीन बोटे देठ ठेवून कापावे. फळात दहापैकी नऊ भागांहून अधिक पाणी असते. ते सारे त्या कठीण सालीतून हळूहळू बाहेर पडावयाचे असते. त्याला काही महिने लागतात. कडक उन्हात टाकले तर ते आकसते किंवा चिरते. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, एकमेकांना लागणार नाहीत असे टांगावे. सालीवर बुरशीचे डाग येतील. पुष्कळ लोक येथे धीर सोडतात आणि फळ फेकून देतात. ते डाग वरचे असतात. फळ मऊ पडले, दबले, घाण येऊ लागली तरच ते टाकावे. हातात घेऊन हलविले आणि आत बिया खुळखुळल्या की काम झाले. मग पाण्यात भिजवून साल खरवडावी. आतील भाग खरवडताना नाकातोंडाला फडके बांधावे, कारण ती धूळ छातीला बरी नव्हे.

पुढे ज्याची त्याची हौस. लांब मानेच्या भोपळ्याचे उभे दोन भाग केले की दोन पळ्या होतात. बस्तरचे कारागीर तापलेल्या सुरीने तुंब्यावर मासे, मोर आणि माणसे रेखतात, तशी नक्षी घरची मुलेही काढू शकतील. एका बाजूला सव्वा इंचाचे भोक पाडले, तळाला पाणी निघून जाण्यासाठी दोन लहान छिद्रे ठेवली आणि सावलीत टांगले की चिमणीला घर मिळते. 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळतात. त्या कल्पनेमागचे महंमद दिलावर हे नाशिकचेच. तेव्हा चिमणीसाठी भोपळा टांगणे हे नाशिककराला परके काम नव्हे.

एक धोका मात्र सांगून ठेवतो, आणि तो कृपया कोणी हसण्यावारी नेऊ नये. कडू भोपळ्यात विषारी द्रव्य असते. खावयाचा दुध्या आणि कडू तुंबा एकाच अंगणात लावले तर पतंग एकाचे पराग दुसऱ्याला नेतो. त्या वर्षीचे फळ गोडच राहील, पण त्याचे बी पुढल्या वर्षी लावले तर कडू फळ येऊ शकते. म्हणून जेथे तुंबा लावला तेथील दुध्याचे बी खाण्याच्या भोपळ्यासाठी ठेवू नये. कडू लागलेला दुध्या भाजीत किंवा रसात घेऊ नये. कडू दुध्याच्या रसाने माणसे दगावली आहेत आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने तसा स्पष्ट इशारा दिला आहे. औषध म्हणून तर मुळीच घेऊ नये. कडूपणा त्या फळाला राखण्यासाठी दिलेला आहे. त्यामुळेच ते वेलावर वाळेपर्यंत टिकते. आपण त्याच्या कवटीवर समाधान मानावे.

असो. आजींच्या प्रश्नाचे उत्तर इतके लांबले. वाळवून काय करायचे? माणसाने त्यातून पाणी प्यायले, भिक्षा मागितली, रक्त काढले, नदी ओलांडली, तारपा फुंकला, तंबोरा लावला. यांपैकी एकही गोष्ट कोवळ्या भोपळ्याने झाली नसती. जे फळ खाण्याच्या कामाचे राहिले नाही, तेच या साऱ्या कामाला आले. आणि ते कामाला आले याचे कारण कोणीतरी एका शेतात, एका कुंपणावर, ते वाया गेले असे म्हटले नाही.

त्या आजींनी तो भोपळा तोडला नाही. फाल्गुनात त्यांनी निरोप पाठविला की तो वाजू लागला आहे. आज येताना त्यांनी तो माझ्याजवळ दिला. या टेबलावर मघापासून जो आहे तो हाच. माझ्यामागे बसलेल्या मंडळींना तो खुळखुळा वाटला असेल. आजींचे म्हणणे असे की याच्या बिया काढून ज्यांना हव्या असतील त्यांना द्याव्या. हा खावयाचा दुध्या आहे, परंतु शेजारीपाजारी कोणी कडू तुंबा लावला होता की नाही ते त्यांना ठाऊक नाही. म्हणून या बिया लावाव्या त्या वाळविण्यासाठी, खाण्यासाठी नव्हे. मृगाला अजून अवकाश आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना बी हवे असेल त्यांनी येथे यावे. एकाने दोनच घ्याव्या, म्हणजे पुष्कळांना पुरतील.